बीटवाली

सोमवारी सकाळी जुन्या संगणक-यंत्राचा मुख्य परवलीचा शब्द सिग्नी हाउगेनच्या हातात आला आणि ज्या कामासाठी तिला बोलावलं होतं ते तिने सरळ बाजूला ठेवलं. फार्गोच्या पूर-अंदाज केंद्राने तिला आणलं होतं फायली हलवायला. शुक्रवारी दुपारी केक कापून जुनं यंत्र कायमचं बंद व्हायचं होतं. त्याच्या पोटात काय काय भरलंय हे ठाऊक असलेलं माणूस केंद्रात उरलं नव्हतं, म्हणून अकरा वर्षांपूर्वी ज्या बाईला ह्याच दारातून बाहेर काढलं तिलाच फोन करायची पाळी आली. ती एका शब्दात हो म्हणाली. लोकांना वाटलं, किती मोठ्या मनाची बाई. मोठं मन वगैरे काही नव्हतं. तिला एक पत्र शोधायचं होतं.

ते पत्र १९८३च्या मे महिन्यात आलं होतं, निनावी. सिग्नी तेव्हा चौतिशीत होती, आणि रेड नदीचं पाणी कुठल्या दिवशी कुठवर चढेल हे सांगणारा तिचा प्रोग्राम म्हणजे केंद्राचं नाक होतं. केंद्राचा प्रमुख लोवेल टॉफ्ट ह्याने तिला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि समोरच्या कागदावर हात ठेवून सांगितलं, की हे काम तिचं स्वतःचं नसल्याचं कळलंय. कोणी कळवलं? सांगता येत नाही. काय लिहिलंय? दाखवता येत नाही. महिन्याभरात तिची जागा गेली. प्रोग्राम मात्र कुठे गेला नाही. तो तिथेच राहिला, फक्त पहिल्या पानावरून तिचं नाव पुसलं गेलं. पुढची अकरा वर्षं तिने नदीपलीकडच्या साखर कारखान्यात बीट धुणारी यंत्रं वेळेवर चालू-बंद करणारे प्रोग्राम लिहिण्यात काढली. दर वसंतात पूर यायचा, तिच्याच प्रोग्रामने वर्तवलेल्या दिवशी यायचा, आणि रेडिओवर केंद्राचं कौतुक व्हायचं. ते ऐकताना तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पत्र ह्याच यंत्रावर लिहिलं गेलंय ह्याबद्दल तिला शंका नव्हती. लोवेलच्या हाताखालून डोकावणाऱ्या कागदाच्या कडेला फिकी उभी पट्टी होती, आणि केंद्राचं छपाईयंत्र तेव्हा प्रत्येक कागदावर तशीच पट्टी सोडायचं. लिहिणाऱ्याचं नाव तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं: लोवेल. काय करायचं तेही ठरलेलं होतं. शुक्रवारी केकभोवती चाळीस माणसं जमतील, त्यांच्यासमोर त्याला उभं करायचं आणि ते पत्र त्याच्याच तोंडून मोठ्याने वाचून घ्यायचं. फक्त पत्र तेवढं सापडायला हवं होतं, आणि तेही शुक्रवारच्या आत. नंतर यंत्र भंगारात जाणार होतं.

शोधायला तिच्याकडे ग्रेप ही आज्ञा होती. युनिक्स प्रणालीच्या यंत्रांवर जगलेल्या माणसाला ग्रेप कसं चालतं हे सांगावं लागत नाही. बोटं ते झोपेतही लिहितात. एक शब्द द्यायचा, कुठल्या फायलींत बघायचं ते सांगायचं, की तो शब्द असलेली प्रत्येक ओळ ते समोर आणून टाकतं. त्याला दयामाया नाही आणि अक्कलही नाही. जो शब्द द्याल तोच शोधतं.

तिने आधी स्वतःचं आडनाव दिलं. जुनं यंत्र वीस मिनिटं घरघरलं आणि चार हजार ओळी आल्या. टेलिफोनच्या याद्या, बोलिंगच्या संघातली नावं, नाताळच्या जेवणाला कोण काय आणणार ह्याचे तक्ते. पत्र नाही. मग तिने ‘सिग्नी’ दिलं. मग ‘चोरी’, ‘नक्कल’, ‘लबाडी’, ‘खोटं’. मग लोवेलचा अख्खा कप्पा ओळ न ओळ चाळला. दुसऱ्याच्या फायली वाचू नयेत हा त्या जगातला पहिला नियम, आणि तो कधीकाळी तिनेच नव्या लोकांना शिकवला होता. आता तिने तो गुंडाळून ठेवला. लोवेलच्या कप्प्यात मासे खारवायच्या तीन कृती निघाल्या, आणि गाडी लावायच्या जागेवरून कुणाशी तरी चाललेलं चार वर्षांचं भांडण. बस.

मंगळवारी दुपारी ती अर्डिस क्रॅमरबरोबर जेवायला बसली. अर्डिस तिची जुनी मैत्रीण. दोघी एकाच वर्षी केंद्रात लागल्या होत्या. सिग्नी गेल्यावर पुराचं सगळं काम अर्डिसकडे आलं आणि आता ती त्या विभागाची प्रमुख होती. सिग्नीशी संबंध ठेवला तोही केंद्रातून एकट्या अर्डिसने. आज तिने घरून भट्टीत भाजलेलं हॉटडिश आणलं होतं, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे लावलेलं, आणि अर्ध्याहून जास्त सिग्नीच्या ताटलीत वाढलं.

“अगं खा ना. कारखान्यात उपाशी ठेवतात का तुला?”

“अर्डिस, लोवेलच्या कप्प्यात काही नाही.”

अर्डिसचा काटा ताटलीवर थांबला. “तू अजून तेच करतेयस? मला वाटलं फायली हलवतेयस.”

“हलवेन. आधी ते पत्र सापडू दे.”

“लोवेल कसला लिहितोय. तीन वाक्यं सलग लिहायची म्हटलं तर दुपारभर झोपतो तो.”

“मग कोणी लिहिलं?”

“मला काय माहीत? अकरा वर्षं झाली गं बाई. सोड आता. नावाने शोधलंस ना?”

“नावाने, आडनावाने, शिव्यांनी. सगळ्यांनी.”

“मग नसेलच ते.” अर्डिसने तिच्या ताटलीत आणखी एक चमचा वाढला.

“अजून एक जागा आहे,” सिग्नी म्हणाली. “शहाऐंशीत यंत्राची डिस्क बंद पडली होती ना? तेव्हा जे वाचलं ते सगळं टेपांवर भरून ठेवलंय, कोणी ढुंकूनही बघितलेलं नाही. उद्या सकाळी ते यंत्रावर उतरवते आणि सगळ्यांना बघायला खुलं करते. ज्याला आपल्या जुन्या फायली हव्यात त्याने न्याव्यात.”

“त्यात काय असणार? कचरा,” अर्डिस म्हणाली, आणि पाण्याचा पेला भरायला उठली.

बुधवारी सकाळी टेपा उतरल्या. शहाऐंशीपर्यंत माणसांनी पुसलेलं, विसरलेलं, अर्धवट सोडलेलं सगळं एका कप्प्यात येऊन पडलं. सिग्नीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तेच शब्द घेऊन. पुन्हा काही नाही. तिचा संताप आता तिच्या हातात राहिना. तिने कळफलकावर मूठ आपटली आणि मग एक दुष्टावा सुचला.

ह्या यंत्रांची एक खोड असते. कोण काय करतंय ह्याची यादी कुणालाही मागता येते, आणि त्या यादीत माणसाचं नाव आणि त्याने लिहिलेली आज्ञा शब्दन् शब्द दिसते. तुम्ही ग्रेपला काय शोधायला सांगितलंय ते तुमच्या नावापुढे लटकत राहतं, शोध संपेपर्यंत. नव्या यंत्रावर ते डोळ्याला दिसेपर्यंत संपतं. जुन्यावर वीस मिनिटं. आणि लोवेलला दर सकाळी ती यादी बघायची सवय होती, यंत्र कोणामुळे रेंगाळतंय त्याला दम द्यायला. तेव्हा सापडो न सापडो, त्याला घाम तरी फोडू असं तिने ठरवलं. तिने ‘निनावी’ शोधायला लावलं. मग ‘मे १९८३’. मग ‘लोवेलने लिहिलं’. आणि त्याची काय धावपळ होते ते बघायला ती स्वतः दर मिनिटाला यादी मागवत बसली.

तासाभरात लोवेल दारात उभा राहिला. सत्तरीला आलेला माणूस, हातात कॉफी, चेहरा ओढलेला.

“सिग्नी, तू मला शोधतेयस की पत्राला?”

“दोन्ही एकाच जागी सापडतील असं वाटतंय.”

“पत्र मी तेव्हाच फाडलं.”

“तुम्ही लिहिलेलं तुम्हीच फाडलंत. छान.”

लोवेल खुर्चीत बसला. कॉफी त्याने जमिनीवर ठेवली. “मी प्रमुख होतो गं. तुला काढायचं असतं तर मला पत्राची काय गरज होती? एक सही पुरली असती.” मग तो म्हणाला, “मी लिहिलं नाही. मला फक्त ते खरं वाटलं.”

“विचारलंत का मला?”

“नाही.”

“का नाही?”

“इतक्या चांगल्या शब्दांत लिहिलं होतं,” लोवेल म्हणाला. “वाईट असं एक अक्षर नव्हतं त्यात.”

तो खांदे पाडून निघून गेला. सिग्नीला त्याची दया आली नाही, पण विश्वास बसला, आणि विश्वास बसल्याचाच तिला राग आला. अकरा वर्षं जपलेला शत्रू पाच मिनिटांत हातचा गेला होता. तिने सवयीने पुन्हा यादी मागवली.

यादीत एक नवी ओळ होती. नाव अर्डिस क्रॅमर. आज्ञा ग्रेप. जागा टेपांवरून उतरवलेला कप्पा. आणि शोधायचा शब्द ‘बीटवाली’.

आधी तिला बरंच वाटलं. बिचारी माझ्यासाठी शोधतेय. मग ती तो शब्द बघत राहिली. सिग्नी बीटाच्या शेतात वाढलेली होती हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं, पण तिला बीटवाली असं कोणी कधी म्हटलं नव्हतं, निदान तिच्या कानावर तरी आलं नव्हतं. अर्डिसला हा शब्द कुठून सुचला? पत्रात असा शब्द होता हे कोण सांगू शकेल? लोवेलने कुणाला दाखवलं नव्हतं. मग उरतं कोण, ज्याला तो शब्द ठाऊक असेल?

तिने तोच शब्द घेतला आणि अर्डिसच्या एकटीच्या जुन्या फायलींवर ग्रेप सोडलं. जागा छोटी होती. वीस मिनिटं लागली नाहीत, वीस सेकंद लागले. एकच फाइल.

आमच्याकडची माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत. गाडी बर्फात रुतली तर अनोळखी माणूस फावडं घेऊन येतो, पदार्थ घशाखाली उतरत नसेल तर ‘वेगळाच आहे’ म्हणतो आणि पुन्हा वाढून घेतो. पत्रही तसंच होतं. त्यात चोरी नव्हती, लबाडी नव्हती, सिग्नीचं नावसुद्धा नव्हतं. ‘आपली बीटवाली फार गुणाची आहे. पण सीमेपलीकडे असंच काहीसं काम आधी झाल्याचं कानावर आलं. बीटवालीला दुखवावं असं कुणालाच वाटणार नाही, तरी केंद्राच्या नावासाठी तिच्या कामाचा उगम तपासून पाहिलेला बरा.’ असं पानभर, साखरेत घोळलेलं. आपण काय काय लिहिलं हे माणूस अकरा वर्षांत विसरतो. आपण केलेला विनोद तेवढा विसरत नाही. अर्डिसला आठवत होता तो एकच शब्द, आणि तो तिने भर चौकात लिहावा तसा यादीत लिहिला होता. इतकी वर्षं युनिक्सवर काढलेली बाई, पण घाई झाली की बोटं डोक्याला विचारत नाहीत.

फाइल अर्डिसची. तारीख २ मे १९८३. त्या दिवशी सिग्नी इस्पितळात वडिलांजवळ होती, आणि ‘तुझं काम मी बघते’ म्हणत अर्डिसने तिला स्वतः गाडीने तिथे सोडलं होतं.

सिग्नीने नक्कल करून घेतली, तारीख आणि नावासकट छापून घेतली, आणि मग कप्पा पुन्हा उघडून बघत बसली. अर्डिसचा शोध संपला. दोन मिनिटांनी मूळ फाइल नाहीशी झाली. सिग्नी हसली. ते हसू कोणी पाहिलं असतं तर दोन पावलं मागे सरलं असतं.

गुरुवारी सकाळी ती अर्डिसच्या खोलीत गेली आणि छापील कागद टेबलावर ठेवला. अर्डिसने पहिली ओळ वाचली आणि चष्मा काढला.

“कसं कळलं?”

“तूच सांगितलंस. यादीत.”

अर्डिसला ते समजायला एक क्षण लागला. मग तिने डोळे मिटून घेतले. “मी मूर्ख आहे.”

“मूर्ख असतीस तर बरं झालं असतं.”

“कायमची जागा एकच होती, सिग्नी. नवऱ्याचं काम सुटलेलं, मुली शाळेत. तुला निदान परत जायला शेत होतं.”

“बाबा त्याच महिन्यात गेले. शेत विकलं. तू आली होतीस मातीला, सॅलड घेऊन.”

“आले होते.” अर्डिसचा आवाज खाली गेला. “आणि त्यानंतर दर रविवारी फोन केला तुला. अकरा वर्षं. एक रविवार चुकवला नाही.”

“पापाची फेड म्हणून?”

“आधी तशीच. नंतर नाही. नंतर मला तुझ्याशी बोलल्याशिवाय आठवडा संपल्यासारखा वाटायचा नाही. विश्वास ठेव नाहीतर नको ठेवू.”

सिग्नीचा विश्वास बसला. त्यानेच ती जास्त पेटली. त्या रविवारच्या फोनवर तिने काय काय सांगितलं नव्हतं. कारखान्यातला उबग, रात्ररात्र न लागणारी झोप, लोवेलला जाहीरपणे उभा चिरायची इच्छा. आणि पलीकडून ही बाई ‘हो गं, हो गं’ करत होती.

“उद्या केकच्या वेळी तू बोलणार आहेस ना, जुन्या यंत्राबद्दल?” सिग्नीने विचारलं.

“हो.”

“त्याऐवजी हे वाचायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“आणि नाही वाचलं तर?”

“तर सोमवारी नवं यंत्र उघडणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांत आधी हेच दिसेल. वर तुझं नाव, खाली तारीख. ते काम माझ्याच हातात आहे.”

“माझ्या मुली इथेच काम करतात गं. एक तर तुझ्या खालच्याच मजल्यावर आहे.”

“माहीत आहे,” सिग्नी म्हणाली. “म्हणून तुला निवड देतेय. मला कुठे कुणी दिली होती?”

शुक्रवारी तीन वाजता यंत्राच्या काचेच्या खोलीबाहेर सगळे जमले. लांब टेबल, चौकोनी केक, रुबार्बच्या वड्या, मोठ्या भांड्यात पातळ कॉफी. लोवेल पुढे खुर्चीवर होता. अर्डिसची धाकटी मुलगी कागदी ताटल्या वाटत होती. अर्डिस उभी राहिली, खिशातून कागद काढला, आणि तिचा आवाज सुरुवातीला इतका शांत होता की मागच्यांना वाटलं हे यंत्राचं कौतुकच चाललंय.

“‘आपली बीटवाली फार गुणाची आहे,’” तिने वाचलं.

दोघं-तिघं हसले. लोवेल हसला नाही. दुसऱ्या वाक्याला त्याने मान वर केली, तिसऱ्याला तो खुर्चीच्या हातांना धरून उठला. तो शब्द त्याच्या डोक्यात अकरा वर्षं निजून होता, आता जागा झाला. त्याने सिग्नीकडे पाहिलं, मग अर्डिसकडे. बाकीच्यांना कळायला पत्राचा अर्धा भाग जावा लागला. जुन्या लोकांनी नव्यांच्या कानात सांगितलं. मुलीच्या हातातल्या ताटल्या तशाच राहिल्या.

सिग्नी भिंतीला टेकून ऐकत होती. सूड घेतला की मन रितं होतं असं लोक सांगतात. तिचं झालं नाही. एकेक वाक्य तिच्या अंगात उन्हासारखं उतरत होतं, आणि अर्डिस जिथे जिथे अडखळली तिथे तिथे तिला जास्तच बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं.

अर्डिसने कागद खाली केला.

“शेवटची ओळ राहिली,” सिग्नी म्हणाली.

“सिग्नी, पुरे.”

“वाच.”

अर्डिसने कागद पुन्हा वर धरला. “‘मी तिची मैत्रीण आहे,’” तिने वाचलं, “‘म्हणून सही करत नाही.’”

सिग्नी पुढे आली, केकजवळचं पेन उचललं आणि तिच्यासमोर धरलं. अर्डिसने टेबलावर कागद सपाट केला आणि मुलीच्या देखत, लोवेलच्या देखत, पूर्ण नावाने सही केली. सिग्नीने तो लोवेलला दिला. “हा घ्या. ह्या वेळी फाडू नका. आणि सोमवारच्या आत माझं नाव पहिल्या पानावर परत यायला हवं.” लोवेलने मान हलवली. मग कुणीतरी घसा साफ करून म्हणालं, कॉफी गार होतेय, आणि चांगली माणसं चांगुलपणाने, एकमेकांकडे न बघता, केक कापू लागली.

आतल्या खोलीच्या दाराशी अर्डिस तिच्यामागे आली. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, पण ती रडत नव्हती.

“झालं तुझं?”

“झालं.”

“मग सांग, रविवारी फोन करू का?”

सिग्नीने दाराच्या मुठीवर हात ठेवला.

“कर,” ती म्हणाली. “दर रविवारी कर. मी उचलणार नाही.”

आणि ती यंत्र बंद करायला आत गेली.